डावीकडून तिसरी

वरच्या रांगेत सात खिडक्या.
समोरच्या हिरवळीवरून पाहिलं तर सातही सारख्या:
मधाच्या रंगाची दगडी चौकट, पांढऱ्या पट्ट्या,
बारा तावदानं, अर्धवट ओढलेले पडदे.
हार्लस्वेल हॉल, लिंकनशायर.
वारसा यादीत पहिला दर्जा.
या घराच्या दाराची कडीसुद्धा
माझ्या सहीवाचून बदलता येत नाही.

बांधणाऱ्याला समतोलाचं वेड होतं.
दाराच्या उजव्या अंगाला दोन खांब, म्हणून डाव्या अंगालाही दोन.
उजव्या टोकाला धुराडं, म्हणून डाव्या टोकालाही.
त्याच्याखाली चूल नाही, कधीच नव्हती;
अडीचशे वर्षं तिथं कावळ्यांचाच संसार.
मागची बाजू मात्र वेगळी.
आधीच्या घराच्या विटा, वाकडी पन्हळ,
गरज पडली तिथं पाडलेली भोकं.
पाहुणे मागून येत नसत.

डावीकडून तिसरी खिडकी
रंगवलेली आहे.
विटांवर गिलावा, गिलाव्यावर काळा,
काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या, आणि
वरून अर्ध्यापर्यंत उतरलेला पिवळट पडदा.
पडद्याला गोंडा.
गोंड्याला सावलीसुद्धा.

आत खोली आहे.
उंच दालनात मध्येच फळ्या ठोकून काढलेली.
खरी काच बसवली असती तर
फळ्यांची कड बाहेरून दिसली असती,
एखादे वेळी चेहराही.
म्हणून भिंत घातली.
भिंतीमागे चार मोलकरणी,
आठवड्याला एक मेणबत्ती.
छत सहा फूट एक इंच. मी स्वतः मोजलंय,
मान वाकवून.

दर बारा वर्षांनी ही खिडकी पुन्हा रंगवावी लागते.
काम डॉबरांकडे असतं.
आधी आजोबा, मग वडील, आता ऑड्री:
एकसष्टीची, परांचीवर मांडी ठोकून बसते,
श्वास रोखून एक पट्टी ओढते, मग चहा पिते.
तिची आत्याआजी केझाया त्या चौघींतली.
चौदाव्या वर्षी आली, एकोणिसाव्या वर्षी गेली.
कुठे गेली, ते ऑड्रीनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मागे एकदा मालकीणबाईंचा अर्ज आला होता:
ती खिडकी खरीखुरी फोडायची आहे,
आत न्हाणीघर करायचं आहे.
मी नामंजूर केला.
शेरा लिहिला: खोटी खिडकी हा या वास्तूचा अस्सल भाग आहे.
वाक्य जमलं होतं.
दोनदा वाचून काढलं.

आणि गेल्या गुरुवारी, फायली लावताना,
सहा फोटो एकाशेजारी एक आले.
पहिला चौसष्ट सालचा.
शेवटचा परवाचा, रंग अजून ओला असतानाचा.

पडदा वर चाललाय.

दर खेपेला बोटभर. जास्त नाही.
चौसष्ट साली गोंडा मधल्या पट्टीवर टेकला होता,
आता तिच्या पाच बोटं वर आहे.
मी पट्टी लावून पाहिली,
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
नियमाप्रमाणे हा विनापरवाना फेरबदल होतो.

ऑड्री टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होती.
फोटो तिच्यापुढे धरले.
तिनं पाहिले, हात पुसले, म्हणाली,
"हाताचं काम आहे साहेब,
थोडं इकडचं तिकडं होतंच."
तिच्या हातची पट्टी
दोरी न लावता ओळंब्यात असते.
हे तिलाही ठाऊक, मलाही.

अहवालात लिहिलं:
खिडकी क्रमांक तीन, पूर्ववत.

मग दिवे मालवायच्या आधी हिशेब मांडला.
पडदा गुंडाळला जायला अजून चौतीस बोटं.
म्हणजे चारशे आठ वर्षं,
घर टिकलं तर,
डॉबर टिकले तर.
ऑड्रीला मूल नाही.
एक भाची येते शिकायला, सोळा-सतरा वर्षांची,
कानात गाणी घालून परांचीवर चढते.
तिचा हात, ऑड्री म्हणते,
जरा चढाच आहे.